सौर वीज, सरकारी पैसा आणि महापुरांतील अंधार

कृष्णाकांठच्या एका गांवांतील आमच्या सभासदांनीं आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. ते लिहितात, "आमच्या शाळेच्या छपरावर सरकारी पैशानें सौर पॅनेल बसविलेलें आहे. महापुरांत निम्में गांव याच शाळेंत उतरलें होतें. तिसऱ्या दिवशीं पाऊस उघडला व लख्ख ऊन पडलें. तरीसुद्धां शाळेंत एक दिवा लागेना कीं एक मोबाइल चार्ज होईना. सूर्य होता, पॅनेल होतें, तारा शाबूत होत्या. मग वीज गेली कोठें?"

प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर ज्या गांवास नीट समजेल, त्या गांवास सार्वजनिक पैशाचा एक मोठा अपव्यय टाळतां येईल. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे. सौर वीज चांगली कीं वाईट हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. ती चांगली आहे हें आतां शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. आम्हांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, सर्वांच्या पैशानें सर्वांच्या इमारतीवर जी सौर वीज बसवावयाची, तिचें मोजमाप वर्षाकाठीं बिलांत किती रुपये वांचले एवढ्यावरून करूं नये. संकटाच्या रात्रीं दवाखान्यांतील दिवा किती तास जळला, यावरून तें करावें.

पुराचे दिवस

सातारा व सांगली हे दोन जिल्हे एकाच नदीचे आहेत. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावते, कऱ्हाडास तिला कोयना मिळते, आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा येऊन मिळते. त्यामुळें वरच्या अंगास जावळी-पाटणांत पडलेल्या पावसाचा हिशोब खालीं वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांस चुकता करावा लागतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात. २००५ सालीं पाणी ५३ फुटांवर गेलें. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्याही वर चढलें, आणि २०२१ च्या जुलैंत पुन्हां ५४ फुटांपलीकडे गेलें. सोळा वर्षांत हे तीन महापूर झाले. २०२१ च्या त्याच आठवड्यांत महाबळेश्वरीं चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि पाटण तालुक्यांतील आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळून माणसें घरांसह गाडलीं गेलीं.

अशा वेळीं वीज गेली असें आपण म्हणतों. पण पुष्कळदां ती मुद्दाम बंद करावी लागते. पाणी गल्लींतील डीपीपर्यंत चढलें किंवा उपकेंद्रांत शिरलें, कीं वीज चालू ठेवणें म्हणजे पाण्यांत उभ्या असलेल्या माणसांच्या जिवाशीं खेळणें होय. ती बंद करणाऱ्या वायरमनला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो आपलें कर्तव्य करीत असतो. यावरून गांवानें एकच बोध घ्यावा. महापुरांत तारेवरची वीज राहणार नाहीं हें धरूनच सर्व तजवीज केली पाहिजे.

यांत मनास लागणारी एक गोष्ट आहे. सुमारें १९६० मेगावॅट क्षमतेच्या कोयना वीज प्रकल्पाचें धरण सातारा जिल्ह्यांत आहे. चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. ही सर्व वीज थोरल्या तारेनें दूरदूर जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच खोऱ्यांतील एखाद्या आरोग्य केंद्रांत आश्लेषाच्या पावसांत परिचारिकेस मोबाइलच्या उजेडांत बाळंतपण करावें लागलें, तर दिव्याखालीं अंधार ही म्हण आमच्याइतकी दुसऱ्या कोणास लागू पडावयाची नाहीं.

दिवा कां विझतो

आतां सभासदांच्या प्रश्नाकडे वळूं. छपरावरील पॅनेल जी वीज देतें ती एकाच दिशेनें वाहणारी असते. घरांतील दिवे, पंखे व पंप ज्या विजेवर चालतात ती दर सेकंदास पन्नास आवर्तनें घेणारी असते. पहिल्या प्रकारच्या विजेचें दुसऱ्या प्रकारांत रूपांतर करणें हें इन्व्हर्टर या यंत्राचें काम. बॅटरीशिवाय थेट तारेस जोडलेला साधा इन्व्हर्टर हा भजनांतील टाळकऱ्यासारखा आहे. मृदंग वाजूं लागला कीं त्याच्या ठेक्यावर तो अचूक टाळ धरतो; मृदंग थांबला कीं तोही थांबतो. त्याचा स्वतःचा ठेका नसतो. येथें मृदंग म्हणजे महावितरणच्या तारेवरची वीज. ती बंद पडतांच साधा इन्व्हर्टर क्षणार्धांत थांबतो, मग डोक्यावर सूर्य कितीही तळपो.

हें थांबणें यंत्राचा दोष नव्हे. तसें तें हेतुपूर्वक केलेलें असतें. तार तुटली आहे, वीज बंद आहे, असें समजून वायरमन खांबावर चढला आणि त्याच वेळीं कोणाच्या छपरावरून वीज उलट तारेंत शिरली, तर त्याचा प्राण जाईल. म्हणूनच केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनीं असें बंधन घातलें आहे कीं, तारेवरची वीज जातांच छपरावरील यंत्रानें तारेस वीज देणें आपोआप थांबवावें. हा नियम शहाणपणाचा आहे, आणि तो मोडण्याची युक्ति कोणी सुचविली तर तिला कोणीही बळी पडूं नये.

म्हणजे त्या शाळेचें यंत्र बिघडलें नव्हतें. वीजबिल कमी करण्याकरितां तें घेतलें होतें, आणि तें काम तें वर्षभर नीट करीत होतें. संकटांत दिवा लावण्याचें काम त्यास कोणीं सांगितलेंच नव्हतें. चूक यंत्राची नव्हे, मागणीची होती.

विजेचें पेव

यावर उपाय कोणता? उपाय तीन वस्तूंचा आहे, आणि तिन्ही एकत्र असल्या तरच तो लागू पडतो. पहिली वस्तु म्हणजे स्वतःचा ठेका धरूं शकणारा इन्व्हर्टर. बाजारांत त्यास हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात. तारेवरची वीज गेली कीं तो आपणांस तारेपासून तोडून घेतो आणि इमारतीपुरती वीज चालू ठेवतो; त्यामुळें वायरमनही सुरक्षित राहतो व दिवाही जळतो. दुसरी वस्तु म्हणजे बॅटरी. तिसरी म्हणजे निराळा बोर्ड, ज्यावर केवळ अत्यावश्यक दिवे व यंत्रें जोडलेलीं असतील. हा बोर्ड नसला तर कोणीतरी पाणी तापविण्याचा हीटर लावतो आणि दोन तासांत बॅटरी रिकामी होते.

बॅटरी म्हणजे काय हें सांगली भागांतील शेतकऱ्यास हरिपूरच्या पेवांवरून चटकन समजेल. जमिनींत खोल पेव खणून त्यांत हळद वर्षानुवर्षें सुरक्षित ठेवण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे. बॅटरी हें विजेचें पेव होय. दिवसा भरावें, रात्रीं काढावें. परंतु हरिपूरच्या पेवांनींच दुसराही धडा दिला आहे. २००५ च्या महापुरांत पाणी पेवांत शिरलें आणि हळदीचें मोठें नुकसान झालें. बॅटरी व इन्व्हर्टर तळमजल्यावर, जिन्याखालच्या अडगळींत बसविले, तर त्यांचीही तीच गत होईल. ज्या दिवसाकरितां ते घेतले, त्याच दिवशीं ते पाण्याखालीं असतील. म्हणून नदीकांठच्या प्रत्येक गांवानें २०१९ च्या पाण्याची खूण भिंतीवर रंगवून ठेवावी आणि विजेचें सर्व सामान त्या खुणेच्या किमान चार-पांच फूट वर बसवावें. इमारतच त्या खुणेखालीं येत असेल तर आसऱ्याची जागा म्हणून ती इमारत निवडूं नये.

ढगांचा अडथळा

आणखी एक अडचण आहे आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमच्याकडे महापूर येतो तो पुष्य-आश्लेषा नक्षत्रांत. म्हणजे वर्षांत ऊन सर्वांत कमी असतें तेव्हां. उघड्या दिवशीं एक किलोवॅट पॅनेल सरासरी चार युनिटें वीज देतें. दाट ढग असले तर तें एक-सव्वा युनिटावर येतें, आणि संततधार लागली तर त्याहूनही खालीं जातें. विक्रेता जो हिशोब दाखवितो तो बहुधा वर्षाच्या सरासरीचा असतो. गांवानें मात्र हिशोब आश्लेषाच्या दिवसाचा मागावा. दुष्काळी विहिरीचें पाणी ज्याप्रमाणें आपण वैशाखांत मोजतों, श्रावणांत नव्हे, त्याप्रमाणेंच हें आहे.

नमुन्यादाखल एका प्राथमिक आरोग्य केंद्राचा संकटकाळापुरता दैनिक हिशोब पुढें देतों. प्रत्यक्ष यंत्रांप्रमाणें आंकडे थोडे पालटतील. रीत मात्र हीच.

लस ठेवण्याची शीतपेटी, दिवसभर : २ युनिटें
दहा वॅटचे दहा दिवे, दहा तास : १ युनिट
तीस वॅटचे दोन पंखे, दहा तास : ०.६ युनिट
प्राणवायु देणारें यंत्र (३५० वॅट), सहा तास : २.१ युनिटें
नवजात बालकास ऊब देणारें यंत्र (६०० वॅट), दोन तास : १.२ युनिट
मोबाइल, संगणक व इतर किरकोळ : ०.६ युनिट
एकूण : ७.५ युनिटें

ढगाळ दिवशीं किलोवॅटमागें सव्वा युनिट धरलें तर या साडेसात युनिटांकरितां सहा किलोवॅट पॅनेल लागेल. बॅटरींत एक दिवस व एक रात्र पुरेल इतका सांठा हवा. लिथियमच्या बॅटरींतील ऐंशी टक्के वीज काढतां येते असें धरलें तर सुमारें दहा युनिटांची बॅटरी लागते. दोन दिवसांची सोय करावयाची तर वीस युनिटांची. हेंच सहा किलोवॅट पॅनेल उघड्या दिवशीं चोवीस युनिटांपर्यंत वीज देईल, व उरलेली वीज तारेवर जाऊन केंद्राचें बिल कमी होईल. म्हणजे संकटाची तजवीज आणि वर्षभराची बचत यांचें परस्परांशीं वैर नाहीं. मात्र मागणी प्रथम संकटाची करावी. बचत तिच्या मागून आपोआप येते. एवढ्यानेंही आठ दिवसांची झड निभावेलच असें नाहीं. म्हणून मोठ्या केंद्रांत शेवटचा आधार म्हणून लहान डिझेल जनरेटर ठेवण्यास आमची हरकत नाहीं. पेवांत धान्य असलें म्हणून कोणी कणगी मोडून टाकीत नाहीं. सौर वीज जितकी अधिक तितकें डिझेल थोडें जाळावें लागेल, आणि पुरांत रस्ते तुटल्यावर डिझेल मिळत नाहीं हा अनुभव सर्वांस आहेच.

पाणी, दूध व जनावरें

महापुरांत चहूंकडे पाणी असतें आणि पिण्यास घोटभर मिळत नाहीं. नदीकांठची जॅकवेल बुडालेली असते व पंप बंद असतो. याकरितां उंचावर असलेल्या एका कूपनलिकेवर किंवा विहिरीवर गांवानें स्वतंत्र सौर पंप ठेवावा. यासही बॅटरी लागते असें पुष्कळांस वाटतें. पण तसें नाहीं. पाण्याची उंच टाकी हीच सर्वांत स्वस्त बॅटरी आहे. ऊन असेल तेव्हां पंप चालवून टाकी भरावी. रात्रीं पाणी आपल्या वजनानें खालीं येतें.

याचाही हिशोब सोपा आहे. दोन हजार वस्तीच्या गांवास संकटांत माणशीं १५ लिटर धरलें तर दिवसाला ३०,००० लिटर पाणी लागतें. तें ४० मीटर उंच चढवावयाचें असेल व पंपाचें काम निम्म्या कार्यक्षमतेनें होत असेल, तर सुमारें साडेसहा युनिटें वीज पुरते. जलजीवन मिशनच्या माणशीं ५५ लिटरांच्या मापानें हेंच काम चोवीस युनिटांवर जातें. यावरून संकटकाळाची गरज किती थोडक्यांत भागतें हें दिसेल. जत, आटपाडी, माण व खटाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांत पूर येत नाहीं. पण उन्हाळ्यांत वीज गेली कीं पिण्याच्या पाण्याचा पंप तेथेंही थांबतो. तेथें ऊन भरपूर असल्यामुळें हीच योजना अधिक स्वस्तांत साधेल.

शेतकऱ्यानें आणखी दोन जागा विसरूं नयेत. एक पशुवैद्यकीय दवाखाना. पूर ओसरल्यावर घटसर्पासारखे रोग जनावरांत पसरूं नयेत म्हणून लस तातडीनें लागते, आणि ती दोन ते आठ अंश उष्णतेंतच टिकते. शीतपेटी तीन दिवस बंद राहिली तर लस निकामी होते व ती निकामी झाल्याचें डोळ्यांस दिसतही नाहीं. दुसरी जागा दूध संकलन केंद्र. दूध थंड करण्यास वीज फार लागते. तें सर्व काम बॅटरीवर चालविणें खर्चाचें होईल, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तेथें वजनकांटा, तपासणीचें यंत्र व दिवे एवढ्यांचीच सोय करावी आणि दूध उंचावरच्या शीतकरण केंद्रास पोंचविण्याचा मार्ग आधींच ठरवून ठेवावा.

पैसा कोठून यावा

सौर विजेसाठीं सरकारी पैसा नाहीं असें आज कोणासही म्हणतां येणार नाहीं. केंद्राची कुसुम योजना २०१९ सालीं निघाली. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं सुरू झाली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा निघाला. त्यांत सौर प्रकल्पास भाड्यानें दिलेल्या जमिनीस हेक्टरीं दरसाल सव्वा लाख रुपये भाडें ठरलें. २०२४ सालच्या 'मागेल त्याला सौर कृषि पंप' योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किमतीच्या दहा टक्के व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें पांच टक्के भरावयाचे ठरले. त्याच सालीं केंद्रानें सूर्यघर योजनेस ७५,०२१ कोटी रुपये मंजूर केले. तिच्यांत घरगुती ग्राहकास एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठेविलें, आणि प्रत्येक जिल्ह्यांतील एका आदर्श सौरग्रामास एक कोटी रुपयांची तरतूद केली. पाटण तालुक्यांतील मान्याचीवाडी हें गांव ऑगस्ट २०२४ मध्यें राज्यांतील पहिलें सौरग्राम म्हणून जाहीर झालें, ही सातारकरांस अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु या योजनांचे हेतु पाहावे. शेतपंप दिवसा चालावा, घरचें बिल कमी व्हावें, हे हेतु उत्तम आहेत. संकटांत सर्वांच्या जागीं वीज राहावी हा यांपैकीं एकाचाही मुख्य हेतु नाहीं. सूर्यघरचें अनुदान पॅनेलाच्या किलोवॅटावर मोजलें गेलें. बॅटरीकरितां त्यांत निराळी रक्कम ठेविलेली नव्हती. त्यामुळें ग्रामपंचायत व सरकारी खातीं यांचीही नजर साहजिकच किलोवॅटावर राहते, आणि छपरावर पॅनेल व छपराखालीं अंधार अशी स्थिति होते.

तेव्हां बॅटरी, हायब्रिड इन्व्हर्टर व निराळा बोर्ड यांचा वाढीव खर्च कोणत्या खात्यांतून मागावा? आमच्या मतें मार्ग चार आहेत.

पहिला, जिल्हा वार्षिक योजना. जिल्हा नियोजन समिति ती ठरविते व पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. आरोग्य केंद्रें, शाळा व ग्रामपंचायती यांची मागणी या समितीपुढें एकेकटी न नेतां तालुक्याची एकत्र यादी करून न्यावी.

दुसरा, वित्त आयोगाचें ग्रामपंचायतीस मिळणारें अनुदान. पंधराव्या आयोगानें २०२१ ते २०२६ या काळाकरितां त्यांतील साठ टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठीं बांधील व चाळीस टक्के मोकळी ठेविली होती. पाण्याचा सौर पंप पहिल्या भागांत व आसऱ्याच्या शाळेचा दिवा दुसऱ्या भागांत बसण्यासारखा होता. पुढील काळाच्या अटी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून समजून घेऊन, आराखडा तयार होण्यापूर्वींच ग्रामसभेंत ठराव मांडावा.

तिसरा, आपत्ति सौम्यीकरण निधि. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यांत मदतीच्या निधीप्रमाणेंच संकटाची धग आधींच कमी करण्याच्या निधीची तरतूद आहे. पंधराव्या आयोगानें राज्याच्या आपत्ति निधींतील वीस टक्के या दुसऱ्या कामास राखून ठेविले होते. पूर आल्यावर चादरी वांटणें जितकें सरकारचें काम, तितकेंच पूर येण्याआधीं दवाखान्यास बॅटरी देणें हेंही आहे.

चौथा, कृष्णा-भीमा खोऱ्यांतील पुरांविषयीं जागतिक बँकेच्या साहाय्यानें राज्यानें आंखलेला कार्यक्रम. त्यांतील मोठा पैसा पाणी वळविण्याकडे व पूरनियंत्रणाकडे जाणें स्वाभाविक आहे. परंतु त्याचा अगदीं लहान अंश जरी पूररेषेवरील दवाखाने व आसऱ्याच्या शाळा यांच्या विजेस मिळाला, तरी तो पहिल्याच पुरांत आपलें मोल दाखवील.

इतरांचे अनुभव

ही गोष्ट कल्पनेंतली नव्हे. छत्तीसगड राज्यानें आपल्या शेंकडों प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर वीज बॅटरीसह बसविली. ऊर्जा, पर्यावरण व जल या विषयांवर काम करणाऱ्या सी. ई. ई. डब्ल्यू. या संस्थेनें २०१७ सालीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सौर वीज नसलेल्या केंद्रांशीं तुलना करतां, सौर वीज असलेल्या केंद्रांत दाखल होणारे रोगी निम्म्याहून अधिक पटीनें जास्त, व बाळंतपणें जवळजवळ दुप्पट होतीं असें त्यांत आढळलें. दिवा आहे म्हटल्यावर माणसें येतात, एवढाच याचा साधा अर्थ.

दुसरें उदाहरण दूरचें आहे. अमेरिकेच्या अखत्यारींतील पोर्तो रिको बेटावर २०१७ च्या सप्टेंबरांत मारिया नांवाचें चक्रीवादळ आलें आणि सर्व बेट अंधारांत बुडालें. कांहीं भागांत वीज परत येण्यास अनेक महिने लागले. अद्जुंतास या डोंगराळ गांवीं कासा पुएब्लो नांवाच्या लोकसंस्थेच्या इमारतीवर १९९९ पासून सौर वीज होती. तेथें दिवे लागले, फोन चार्ज झाले, श्वासाच्या विकाराच्या रोग्यांचीं यंत्रें चाललीं. पुढें २०२२ सालीं अमेरिकेच्या संसदेनें त्या बेटाकरितां शंभर कोटी डॉलरांचा निधि मंजूर केला. पण २०२५ सालीं, छपरांवरील सौर वीज व बॅटरी यांसाठीं ठेविलेले त्यांतील ३६ कोटी ५० लाख डॉलर मुख्य वीजजाळ्याकडे वळविण्यांत आले. मंजूर झालेला पैसा खर्च होईपर्यंत आपला नसतो, हा बोध आमच्या ग्रामसभांनींही घ्यावा. ठराव झाल्यावर स्वस्थ न बसतां दर तीन महिन्यांनीं काम कोठवर आलें हें विचारीत राहावें.

कराराच्या अटी

ज्या गांवांत असें काम निघेल त्यांनीं करारांत पुढील अटी असल्याची खात्री करून घ्यावी :

१. काम ताब्यांत घेतांना मेन स्विच पाडून परीक्षा व्हावी. तारेवरची वीज बंद असतां अत्यावश्यक बोर्ड एक पूर्ण रात्र चालला पाहिजे. ही परीक्षा गांवकऱ्यांसमक्ष व्हावी.

२. बॅटरी, इन्व्हर्टर व बोर्ड २०१९ च्या पूररेषेच्या वर असावे. पॅनेलाचा सांगाडा वाऱ्यास टिकेल असा व अर्थिंग नीट केलेलें असावें.

३. पांच वर्षांची देखभाल किमतींतच धरावी, आणि कंत्राटदाराच्या रकमेचा कांहीं भाग दर पावसाळ्यापूर्वींच्या परीक्षेनंतरच द्यावा.

४. गांवांतील दोन माणसांस यंत्राची माहिती द्यावी. एकास दिली तर तो नेमका पुराच्या दिवशीं परगांवीं असतो. खोलीची किल्ली कोणाकडे आहे हें दारावरच लिहावें.

५. संकटकाळीं काय चालू ठेवावयाचें व काय बंद करावयाचें याचा तक्ता मराठींत बोर्डाशेजारीं लावावा.

देखभालीचा पैसा हा सार्वजनिक कामांतील नेहमींचा दुबळा दुवा होय. बसविण्यास निधि मिळतो, राखण्यास मिळत नाहीं; आणि दहा वर्षांनीं बॅटरी बदलावयाची वेळ येते तेव्हां ज्यांनीं नारळ फोडला त्यांपैकीं कोणीही जागेवर नसतें. येथें सहकारी संस्थांनीं पुढें यावें अशी आमची सूचना आहे. एखाद्या दूध संस्थेंत दररोज एक हजार लिटर दूध येत असेल आणि लिटरमागें पांच पैसे या कामासाठीं बाजूस ठेविले, तर दिवसाचे पन्नास व वर्षाचे १८,२५० रुपये होतात. तेवढ्यांत किरकोळ दुरुस्ती भागून नव्या बॅटरीकरितां कांहीं शिल्लक सांठत जाईल. सरकारनें यंत्र द्यावें व गांवानें तें राखावें, ही वांटणी आम्हांस न्याय्य वाटते.

शेवटीं एक विनंति. मृग निघण्यापूर्वीं आपण घराचीं कौलें शाकारतों, बांध नीट करतों, बी निवडून ठेवतों. त्याच दिवसांत प्रत्येक गांवानें आणखी एक काम करावें. ज्या सार्वजनिक इमारतीवर सौर पॅनेल आहे तिचा मेन स्विच सायंकाळीं पाडावा आणि काय होतें तें पाहावें. दिवा जळत राहिला तर उत्तम. विझला, तर सरकारी पैशानें अजून निम्मेंच काम झालें आहे असें समजावें, आणि उरलेलें निम्में पुढल्या ग्रामसभेंत ठरावानें मागावें. आमच्या सभासदांच्या प्रश्नास आमचें उत्तर हेंच आहे. वीज कोठें गेली हें पुरांत विचारण्यापेक्षां ती राहील काय हें मृगाआधीं विचारलेलें बरें.